ऑफलाइन कसं जायचं ते

"बाबा! परत काढलंस मला बाहेर!"

फोन कानापासून वीतभर लांब धरला, तरी लेकीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला. भाजी निवडता निवडता आई हसली.

"मी काय केलं गं?" बाबांनी विचारलं.

"काय केलं म्हणे! शेवटच्या वळणावर होते मी, पहिल्या नंबरावर! आणि धाडकन गेम बंद. इंटरनेट चालू ठेवूनच लाँचर उघडलास ना?"

"तसंच झालं असेल बाई."

लेक नोकरीसाठी परगावी गेली, त्याआधी दोघांनी मिळून गाड्यांच्या शर्यतीचा हा गेम घेतला होता. संगणक दोन, पण गेम एक आणि खातंही एकच. गेम ज्यातून उघडायचा तो लाँचर मोठा खडूस. इकडे कुणी इंटरनेटवरून खेळायला बसलं की तिकडच्याला बाहेर काढायचा. वर खातं उघडल्याची सूचना लेकीच्या मोबाइलवर पाठवायचा. उपाय साधा होता. बाबांनी ऑफलाइन जाऊन खेळायचं, म्हणजे कुणाचाच कुणाला त्रास नाही.

"डावीकडे वर आपलं नाव दिसतंय? त्यावर दाब. खाली 'ऑफलाइन जा' असं येईल."

"हे का? नाही, हे आवाजाचं दिसतंय."

"अरे देवा! बाबा, काल शिकवलं होतं ना!"

शिकवणी संपता संपता बोलण्याची गाडी नेहमीसारखी दुसरीकडे वळली. साहेबांची कटकट, नव्या चपलांनी चावलेली टाच, घरमालकिणीचं आगाऊ मांजर. तिच्या मागे नळाचं पाणी पडत होतं, भांडी वाजत होती. बाबा हं हं करत ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "अहो, जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्यात, त्यांच्या वायरींचं जंजाळ तोंडपाठ. हे एक बटण तेवढं डोक्यात राहत नाही?"

"वय झालं गं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खालच्या औषधांच्या दुकानातला कंपाउंडर वर आला. तोही त्याच गेमचा वेडा. त्याच्या घरचं इंटरनेट बंद पडलं होतं आणि लाँचर दारातच अडवून बसला होता.

"त्यात काय एवढं?" बाबा चष्मा पुसत म्हणाले. "माझ्या मोबाइलचं इंटरनेट घ्या, एकदा आत शिरा. गेम एकदा उघडून बंद करा, म्हणजे त्याची ओळख पटते. मग नावावर दाबून ऑफलाइन जा. पुढे इंटरनेट असो नसो, खुशाल खेळा."

कंपाउंडर बघतच राहिला. "लिफ्टवाले, तुम्हाला हे येतं? मग रोज संध्याकाळी खिडकीतून लेकीची बोलणी ऐकू येतात ती कसली?"

बाबांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"पूर्वी फोन यायचा तो तिच्या आईला. माझ्या वाट्याला शेवटी एकच वाक्य, 'बाबा बरा आहे ना?' आता रोज मला येतो, तासतासभर चालतो. अहो, लेकीची बोलणी खायलाही नशीब लागतं."

"आणि तिची शर्यत बुडते ती?"

"त्याचं वाईट वाटतं हो," बाबा म्हणाले, आणि ते खरंच होतं. "पण काय करू? करमत नाही तिच्याशी बोलल्याशिवाय."

त्याच आठवड्यात लाँचरची नवी आवृत्ती आली. पडद्यावर ठळक अक्षरांत सूचना होती: आता एकाच खात्यावर दोघांना एकाच वेळी खेळता येईल, कुणीही बाहेर पडणार नाही.

बाबांचा चेहरा पडला. खरंखोटं बघायला त्यांनी आपलं खातं कंपाउंडरच्या संगणकावरही उघडलं. त्याचं इंटरनेट एव्हाना सुरू झालं होतं. दोन्हीकडे गेम सुरू केला, तर दोन्ही गाड्या सुसाट सुटल्या. कुणी म्हणता कुणी बाहेर पडलं नाही.

"चला, मिटली कटकट!" कंपाउंडर म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

संध्याकाळी बाबा सवयीने संगणकासमोर बसले. इंटरनेट चालू ठेवलं, लाँचर उघडला, शर्यत सुरू केली. शेजारी फोन ठेवला होता, त्याच्याकडे मात्र बघवेना. आता ती तिकडे निवांत खेळत असेल, पहिली येत असेल. येऊ दे बापडी. आपल्याला काय, 'बाबा बरा आहे ना' तर मिळेलच. त्यांची गाडी कठड्यावर आदळली.

"अहो, चहा ठेवू?" आईने विचारलं.

"नको."

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा! आजही काढलंस ना मला बाहेर? शेवटच्या वळणावर होते मी!"

बाबांनी गेम बंद करून लाँचरवरची ती ठळक अक्षरं पुन्हा एकदा वाचली. फोनमध्ये लेकीच्या मागे बसचा भोंगा वाजला आणि कंडक्टर ओरडला, "पुढे सरका, पुढे सरका!"

बाबा खुर्चीत मागे रेलले आणि चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "चुकलं गं माझं. ते ऑफलाइन कसं जायचं, सांग बघू परत."