बातमी सांगणारा

तरुण डॉक्टर दार ढकलून बाहेर आला, समोर सिरिल हार्डकॅसलला बघून थबकला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही?"

सिरिलला हे नवीन नव्हतं. अकरा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी तो टीव्हीवरच्या एका हॉस्पिटलात नोकरीला होता. ऑपरेशन करायला हिरो होता. बाहेर येऊन नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची, हे सिरिलचं काम. त्याआधी त्याने पाद्री केले होते, फौजदार केले होते, बटलर किती केले ते तर त्यालाही आठवत नव्हतं. लोकांच्या लक्षात राहिला तो एवढ्या बातमीपुरता. हॅलिफॅक्सच्या बाजारात बायका अजूनही त्याला बघून हसत म्हणायच्या, "आमच्याकडे नका हं येऊ!"

"सर, म्हणजे... आमची आजी तुमचा एकही भाग..." डॉक्टरचे कान लाल झाले. छातीवरच्या पट्टीवर मेरेडिथ असं नाव होतं. पंचविशीचा असेल. "मिसेस हार्डकॅसलना आम्ही..."

"बैस आधी," सिरिल म्हणाला. "उभ्याने सांगू नये."

दोघे बाकावर बसले.

"आता नाव घे तिचं. मिसेस नको. डोरीन."

"डोरीन गेल्या, सर. दहा मिनिटं झाली. हृदय पुन्हा सुरूच झालं नाही."

"बरं," सिरिल म्हणाला.

एरवी या जागी समोरचा माणूस कोसळायचा, कॅमेरा त्याच्यावर जायचा आणि सिरिल मोकळा व्हायचा. आज तो समोरचा माणूस सिरिल स्वतःच होता. डॉक्टरच्या उजव्या बुटाची नाडी सुटलेली त्याला दिसली.

"नाडी बांध," तो म्हणाला. "पडशील."

मेरेडिथने वाकून नाडी बांधली. "आत येता का, सर? बघायला?"

"येतो. थोड्या वेळाने."

अर्ध्या तासानंतरही सिरिल तिथेच होता. नर्सने ठेवलेल्या चहावर साय धरली होती. समोरच्या बाकावर मधेच कधीतरी एक बाई येऊन बसली होती. सत्तरीची, अंगात पावसाळी कोट, मांडीवर पिशवी, आणि बुटांना ओली माती. तिने आल्या आल्या सांगून टाकलं होतं, की ती मिसेस ओल्डरॉइड, नवऱ्याचा डबा घेऊन भाजीच्या मळ्यात गेली, तर स्टॅन्ली कांद्याच्या वाफ्यात आडवा पडलेला. सिरिलने मान हलवली होती.

दार उघडलं. तोच मेरेडिथ. या वेळी तो आधी तिच्याशेजारी बसला, मग बोलला. "मिसेस ओल्डरॉइड, स्टॅन्ली गेले."

"नाही," ती म्हणाली. "तू पोरगा आहेस अजून. जा, नीट बघून ये."

"मी बघितलंय हो. दोघांनी बघितलंय."

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती सिरिलकडे बघत होती. "तुम्ही सांगा."

"अहो, हे डॉक्टर नाहीत. हे..."

"माहीत आहे मला! वेडी वाटले का तुला? टीव्हीवरचे आहेत ते." तिचे हात पिशवीवर आवळले गेले. "हा बोलतोय ते माझ्या डोक्यात शिरत नाहीये. तुम्ही सांगितलंत तर शिरेल. सांगा हो."

सिरिलने मेरेडिथकडे बघितलं. मेरेडिथने बाकावर सरकून जागा केली.

सिरिल गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. त्याचा आवाज आपोआप खाली गेला, गुरुवारचा आवाज.

"मिसेस ओल्डरॉइड, तुमचे स्टॅन्ली गेले. करण्यासारखं होतं ते सगळं या लोकांनी केलं. त्यांना त्रास झाला नाही."

शेवटचं वाक्य त्याने स्वतःच्या जबाबदारीवर टाकलं होतं. त्याने वर बघितलं. मेरेडिथने मान डोलावली.

बाई त्याच्या खांद्यावर कोसळली. मोठ्याने, लाज न बाळगता रडली. सिरिलचा हात तिच्या पाठीवर गेला. कधी ठेवायचा, कधी काढायचा, हे त्या हाताला पाठ होतं. पण इथे 'कट' म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून तो तसाच राहिला.

बऱ्याच वेळाने ती सरळ झाली, नाक पुसलं. मेरेडिथ केव्हाच आत गेला होता.

"तुमचं कोण आहे इथे?"

"बायको."

"कशी आहे?"

"गेली. तुम्ही यायच्या थोडंसं आधी."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहरा कोरडा होता. "आणि तरी मला सांगत बसलात?"

"तुम्ही सांगा म्हणालात."

तिने पिशवी उघडली आणि स्टॅन्लीसाठी नेलेलं, कागदात गुंडाळलेलं सँडविच बाहेर काढलं. चीज आणि लोणचं. त्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्या हातात कोंबला.

"मला भूक नाही," सिरिल म्हणाला.

"मलाही नाही. खा."

त्याने एक घास घेतला. पाव थोडा सुकला होता. चव लागत नव्हती, पण घास खाली उतरला. त्याने दुसरा घेतला. तीही खाऊ लागली. समोरच्या दारातून एक नर्स डोकावली, "मिस्टर हार्डकॅसल, येताय ना?" म्हणाली. सिरिल तोंडातल्या घासासकट घाईने उठायला लागला.

मिसेस ओल्डरॉइडने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"सावकाश खा रे बाबा," ती म्हणाली. "आता ती दोघं कुठे जात नाहीत."