बाकावरची सेंटर फॉरवर्ड

या मोसमात सगळ्यात जास्त गोल रोझलिनच्या नावावर होते, आणि तिने एकदाही चेंडूला स्टिक लावली नव्हती. डोक्याला विचार पोहोचवणाऱ्या यंत्राची पट्टी बांधून ती बाकावर बसायची. तिला पास सुचला की त्याच क्षणी तो मैदानावरच्या फॉरवर्ड मुलींनाही सुचायचा आणि त्यांचे पाय आपोआप तिकडे वळायचे. पळून दमलेल्या डोक्यापेक्षा बसलेलं डोकं जास्त गोल देतं, असा यंत्राचा हिशेब होता.

"सर, आज तरी उतरवा. पाय गंजले माझे."

"जिंकतोय ना आपण? मग कशाला किरकिर?" गायधनी सर म्हणाले. पण आघाडी चांगली होती, म्हणून शेवटी वैतागून त्यांनी मान हलवली.

रोझलिनने पट्टी काढली, मैदानाला हात लावून कपाळाला लावला आणि धावत सुटली. दोघींना चकवून तिने उजवीकडे पास दिला. तिथे फॉरवर्ड शेवंता हवी होती. चेंडू एकटाच रेषेबाहेर गेला.

"पळाली का नाहीस?"

शेवंता रिकाम्या बाकाकडे बघत होती. "काही सुचलंच नाही गं."

पुढचे दोन पास असेच वाया गेले. मग समोरच्यांनी गोल केला, आणि सर ओरडले, "रोझलिन, बाहेर ये. पट्टी बांध."

ती येऊन बसली, पट्टी बांधली. डोक्यात पास नव्हता, नुसता संताप होता.

मैदानावर सगळ्या फॉरवर्डनी एकदम स्टिक आपटल्या.