एन्योला हार

खंडेनवमीला कारेगावच्या त्या वर्कशॉपात सगळी मशीनं धुऊनपुसून झाली, तेव्हा मोठ्या प्रेसच्या पितळी पट्टीवरचं नाव उघडं पडलं. नव्या इंजिनिअर प्राचीमॅडमनी ते वाचलं. "एन्यो! ही जुन्या ग्रीक लोकांची युद्धाची देवी बरं का."

झाडलोट करणाऱ्या भामाबाईनं गालावर हात ठेवला. "अगं बया! लढाईची देवी व्हय? तरीच म्हनलं, ह्या धम्मदीपची दोन बोटं कशी खाल्ली. तिला बळी लागतुया, दुसरं काय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फोरमन चांगदेवनंही डोलावली, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

देवी कसली डोंबलाची! दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय तो प्रेस खाली येतच नसे. पण आखाडात मालाची घाई झाली, आणि चांगदेवनं एक बटण तारेनं आवळून दाबून ठेवलं. काम एका हातानं उरकू लागलं. चौथ्या दिवशी धम्मदीपचा दुसरा हात आत राहिला. पोरगं ओरडत होतं, आणि चांगदेवनं आधी तार सोडून प्रेसखाली भिरकावली. मग पोराला धरलं. रिपोर्टात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं, चांगदेवनं तारेचं नाव काढलं नाही, आणि ऑपरेटर धम्मदीपच्या हातात झाडू आला.

तो आताही झाडू घेऊनच उभा होता.

"पाया पड रं," भामाबाई म्हणाली. "माफी माग तिची."

"आमच्यात देवी न्हाई, मावशी. आन् माफी मी कशापायी मागू?"

चांगदेवच्या अगदी ओठांवर आलं. एकदा बोललं की पोराला मशीन परत मिळेल, आपलं काय व्हायचं ते होवो. पण त्यानं झेंडूचा हार उचलला. प्रेस रुंद, हार वीतभर कमी पडला.

"सुतळी द्या रे कुणीतरी," तो म्हणाला.

धम्मदीपनं झाडू भिंतीला टेकवला. खिशातून तारेचं एक वेटोळं काढून, उरलेल्या तीन बोटांत धरून पुढं केलं.

"ही घ्या, मामा. प्रेसखाली झाडताना घावली. तुमचीच हाय."

तार अजून त्या बटणाएवढीच गोल होती. चांगदेवला ती धडधाकट दहा बोटांनी उलगडेना.