चार वाक्यं

"बोल की गं. तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

नाकावरचा चष्मा बोटानं वर सारत समीनाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. मायव्वा फळ्यापाशी उभी होती. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. केंद्रप्रमुख खुर्चीत बसून वाट बघत होते. इस्लामपूरच्या अलीकडची शाळा, तिसरीचा वर्ग. भिंतीवर बाईंच्याच वळणदार अक्षरातला तक्ता होता : 'मार्चअखेर प्रत्येक मूल मोठ्या माणसाशी स्वतःहून मराठीत चार वाक्यं बोलेल.'

सव्वीस मुलं पोपटासारखी बोलून गेली होती. सत्ताविसावी गप्प होती.

"सर, येतं हो तिला सगळं. वही तरी बघा," बाई म्हणाल्या. वही खरंच देखणी होती. एक काना चुकलेला नव्हता.

"वहीचं राहू द्या, बाई. 'लिहायचं नंतर, आधी बोला' असं तुम्हीच वर्गात सांगता ना?" केंद्रप्रमुख वाईट माणूस नव्हते. जे दिसलं ते त्यांनी मायव्वाच्या कार्डावर लिहिलं : 'मराठी बोलत नाही.'

ऊसतोड्यांच्या मुलांसाठी ते कार्ड असतं. हंगाम संपला की मूल ते घेऊन आपल्या गावच्या शाळेत जातं. मायव्वाचं गाव जत तालुक्यातलं, घरची भाषा कन्नड. असल्या शेऱ्यानिशी गेली तर मराठीच्या तासाला तिला पुन्हा पहिलीच्या पोरांत बसवणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. आणि टोळी उद्या सकाळीच निघणार होती.

बाईंच्या स्वतःच्या घरीही मराठी नव्हती. घरात दखनी. मराठी त्या शाळेत शिकल्या, आणि अशा शिकल्या की तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून त्यांनाच बोलावणं येई. ज्या पोराच्या घरात ही भाषा नाही, त्याला ती आपण द्यायचीच, हा त्यांचा हट्ट होता. आजवर एकही मूल त्यांच्या हातून रिकामं गेलं नव्हतं. या पोरीनं मात्र चार महिने दाद दिली नाही. पहिल्या दिवशी काय बोलली असेल तेवढीच. नाव-गाव सांगताना अर्धं कन्नड, अर्धं मराठी झालं आणि वर्ग खो खो हसला. बाईंनाही हसू आवरलं नव्हतं. तेव्हापासून तिचं तोंड मिटलं ते मिटलंच.

दिवस मावळतीला बाई कार्ड पोचवायला टोळीच्या खोपटांवर गेल्या. गाड्यांवर भांडीकुंडी चढली होती. बैल दाव्याला होते, चुलींवर कालवण शिजत होतं, पण चुलीपाशी माणूस नव्हतं. मागच्या बाजूला कुणीतरी बाई मराठीत दटावत होती.

"बोल की रं, आप्पा. तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

समीनाबाई जागच्या जागी थबकल्या. शब्द त्यांचे होते. हेलसुद्धा त्यांचाच होता.

खोपटांमागं उसाच्या पाल्यावर पंधरा-वीस माणसं मांडी घालून बसली होती. त्यांच्यापुढं मायव्वा उभी. ती बाईंना अर्धी पाठमोरी होती. हातात उसाचं कांडं होतं आणि डोळ्यांवर चष्मा नसताना ती बोटानं नाकावरचा चष्मा वर सारत होती. समोर तिचा बाप धुळा उभा होता. पन्नास मोळ्या डोक्यावरून वाहणारा गडी, पण कान खाजवत होता.

"मी... धुळा. मी जतचा हाय. मी उद्या गावाला... जातो."

मागं बसलेली एक म्हातारी फिसकन हसली. मायव्वानं कांडं जमिनीवर आपटलं.

"हसायचं न्हाई. हसलं की मानूस बोलायचं सोडतंय."

बाईंच्या ते वर्मी लागलं. पाठोपाठ ऊर असा भरून आला की त्यांना पदर डोळ्याला लावावा लागला. एकीच्या पदरात घातलेली मराठी त्या एवढ्याशा पोरीनं अख्ख्या टोळीला वाटून टाकली होती. इतका अभिमान त्यांना स्वतःच्या बक्षिसांचाही कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात धुळाला त्या दिसल्या. माणसं गडबडून उठायला लागली. मायव्वा वळली आणि तिच्या हातातलं कांडं गळून पडलं. ओठ घट्ट मिटले. शाळेतलं तेच तोंड. आता 'शाब्बास' म्हटलं तरी पोर कायमची मिटणार, हे बाईंनी ओळखलं.

त्या पुढं आल्या. हातानंच सगळ्यांना बसा म्हणाल्या, शेवटच्या ओळीत गेल्या आणि पाल्यावर मांडी घालून बसल्या. मग पिशवीतून कार्ड काढलं, पेन काढलं आणि केंद्रप्रमुखांचा शेरा खोडायला घेतला.

मायव्वानं त्यांच्या पेनाकडं पाहिलं. मग वाकली. कांडं उचललं. नाकावरचा चष्मा वर सारला.

"उशीर झाला. नीट बसा. लिवायचं नंतर. आदी नाव सांगा."

चार वाक्यं झाली. बाईंनी बोटांवर मोजली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"समीना. हजर, बाई."

कुणी हसलं नाही.