भालचंद्र खातूंचा डोस

"नावं दोन आहेत," टेबलामागचा कारकून हिंदीत म्हणाला. "साहेब कुठे आहेत?"

"ते नाहीत," वत्सलाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या होत्या. रडू मात्र आलं नाही.

करोनाच्या लशीचा पहिला डोस नवरा-बायको दोघांनी चिपळूणला घेतला होता. मग मस्कतला लेकीकडे आले आणि भारताची विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकले. परदेशी असले तरी दोघांना दुसरा डोस मिळावा म्हणून लेकीने तीन आठवडे फोन केले. नंबर लागल्याचा निरोप आला, तेव्हा भालचंद्रांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

मागे एक श्रीलंकन बाई उभी होती. कुणाच्या तरी घरी स्वयंपाक करायची. दोन्ही डोस झाल्याशिवाय तिला मायदेशी मुलांकडे जाता येत नव्हतं, असं ती मघापासून मोडक्या हिंदीत सांगत होती. पण दुसऱ्या डोससाठी तिचा नंबर लागलेला नव्हता.

"आमच्या ह्यांचा डोस हिला द्या," वत्सलाबाई म्हणाल्या.

कारकुनाने त्या बाईला नाव विचारलं. मग त्याने भालचंद्र खातू हे नाव खोडून तिचं नाव लिहिलं.

सुई टोचलेली वत्सलाबाईंना कळलीसुद्धा नाही. नंतर अर्धा तास थांबायला दोघींना शेजारी शेजारी बसवलं. ती बाई आवाज न करता रडत होती. वत्सलाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तुम्ही दोघी एकत्र आलात का?" नर्सने विचारलं.

"हो," वत्सलाबाई म्हणाल्या.