कुठली ओटी?

पनवेलच्या कोर्टाने गव्हाणच्या चांगुणाला लेकीचा ताबा दिला आणि मारकुट्या नवऱ्याला तिच्या घरात शिरायची मनाई केली. दुसऱ्या दिवसापासून तो कोयता घेऊन दाराबाहेरच्या ओटीवर ठाण मांडून बसू लागला. पोरीला शाळेसाठी मागच्या खिडकीतून उतरवावं लागे. चांगुणा पुन्हा कोर्टात उभी राहिली. नवऱ्याचे वकील म्हणाले, "साहेब, हुकमात 'घरात' लिहिलंय. ओटीवर काय, वाटसरूही टेकतो." नागपूरहून नुकतेच बदलून आलेले न्यायाधीश गोंधळले. "ओटी? बायकांची भरतात ती?" कोर्ट हसलं. चांगुणा हसली नाही. खिडकीच्या खिळ्याला अडकून फाटलेला पोरीचा गणवेश तिने पिशवीतून काढून दोन्ही हातांनी उंच धरला. "ती येगली, साहेब, नि ही दाराम्होरची येगली. पन दोनी माज्याच हायत. त्या ओटीत कोर्टानं माजी लेक घातली. आता हुकमात लिवा, या ओटीवरनं त्याला उठवा."