लेखकाशी आपलं नातं

पहिल्या चार ओळी वाचल्या आणि नागवेणीच्या हातातली पाळण्याची दोरी थांबली.

"अहो," ती म्हणाली, "हा तर माझाच लेख आहे."

हरीश पडवीत फणस फोडत बसला होता. कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेलं, बोटांना चीक. "छापून आला?"

"छापायचा की नाही ते ठरवायला आलाय. माझ्याकडे. परीक्षक म्हणून."

तो हात वर धरून आत आला. लॅपटॉपवर लेख उघडा होता. वर नाव नव्हतं. परीक्षकाला लेखकाचं नाव कळू द्यायचं नाही आणि लेखकाला परीक्षकाचं, असा मंगळूरच्या त्या शोधपत्रिकेचा नियम. पण सुपारीची बाग, बारा पेट्या, डंख न करणाऱ्या बारीक मुजंटी मधमाश्या. स्वतःचं पोर गर्दीत ओळखावं तसं तिने ते वाक्य न् वाक्य ओळखलं.

"मंगळूरच्या लोकांनी हे केलंय काय?"

"त्यांची काय चूक? परीक्षकांच्या जुन्या यादीत मी एम. जी. नागवेणी. लेख पाठवताना त्या अर्जाला आडनाव हवंच होतं. त्याशिवाय पुढे सरकेचना. आपल्याला कुठलं आलंय आडनाव! म्हणून 'एम'चं मेलिगे लिहिलं आणि दिलं ढकलून. नागवेणी मेलिगे."

"म्हणजे गावाचं झालं आडनाव आणि एकीच्या झाल्या दोघी!" हरीश इतका हसला, की पाळण्यातलं बाळ दचकून हललं. त्याने जीभ चावली आणि आवाज खाली आणला. "मग बघतेस काय, महाराणी? लिही. लेख उत्तम, ताबडतोब छापा."

नागवेणी हसली नाही. वीस जुलैला कॉलेजात मुलाखती होत्या. कायमची जागा एकच. सहा वर्षं ती दर जूनमध्ये नव्याने करारावर सही करून शिकवत होती. लेख स्वीकारल्याचं पत्र तोवर हातात नसेल, तर यादीत नावसुद्धा लागणार नव्हतं. आणि संपादकांनी लिहिलं होतं, दुसऱ्या परीक्षकाचं मत आलं आहे, आता फक्त आपलं राहिलं.

"बाहेरच्या कुणाकडे गेला असता, तर त्याने काय वेगळे दिवे लावले असते?" हरीश म्हणाला. "मुजंटीतलं तुझ्याइतकं कळतं कुणाला? माझे हात चिकट आहेत, नाहीतर मीच दाबलं असतं बटण."

"आधी वाचून तर बघू दे."

लेख तिने पाचसहा वेळा वाचलेला होता, पण तो आपला म्हणून. आज कुणा परक्या बाईचा म्हणून वाचायला लागली आणि तिला मजा वाटू लागली. इथे वाक्य फार लांबलंय. इथे बाई जरा जास्तच शहाणपणा करतायत. हे मात्र छान लिहिलंय हं.

तिसऱ्या तक्त्याशी ती अडकली. सप्टेंबरची ओळ आणि तिच्याखालची ऑक्टोबरची ओळ. एक्केचाळीस, अडतीस, बावन्न. खाली पुन्हा एक्केचाळीस, अडतीस, बावन्न. बाराच्या बारा पेट्या.

ऑक्टोबर. तिने पाळण्याकडे पाहिलं. नऊ महिन्यांचं पोट घेऊन ती बागेचा चढ चढली नव्हती, आणि मग तर चाळीस दिवस उंबरठाच ओलांडला नव्हता. ती ओळ रिकामीच ठेवायची होती. पुढे केव्हातरी, बाळाला मांडीवर पाजत एका हाताने आकडे भरताना, वरची ओळ खाली उतरली असणार.

"काय गं?"

"या बाईंनी ऑक्टोबरात माश्या मोजलेल्याच नाहीत."

हरीशने वाकून पाहिलं. मग तोही पाळण्याकडे पाहत राहिला. "बाईंना दुसरं काम होतं."

"होतं. पण तक्त्यात तसं लिहिलेलं नाही."

"दुसऱ्या परीक्षकाला दिसलं नाही," तो हळूच म्हणाला. सुचवण्यासारखं नाही, नुसतं म्हणून बघितल्यासारखं.

"मला दिसलं ना."

तिने परीक्षणाला नकार देण्याचा कागद उघडला. 'लेखकाशी आपलं नातं' असं लिहून खाली पर्याय दिले होते. नातेवाईक. सहकारी. विद्यार्थी. प्रतिस्पर्धी. अन्य.

"प्रतिस्पर्धी," हरीश म्हणाला. "शंभर टक्के."

तिने 'अन्य' निवडलं. पुढच्या चौकटीत लिहिलं, 'मीच.' आणि पाठवून दिलं. मग आ केला. त्याने बी काढलेला एक गरा तिच्या तोंडात घातला. गोड होता.

अर्ध्या तासाने मंगळूरहून फोन आला. संपादक सोमयाजी, सत्तरीचे. बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू येत होतं.

"नागवेणी अम्मा, तीस वर्षांत असं उत्तर आलं नव्हतं हो! चूक आमची. तुमच्या जागी नवा परीक्षक शोधतो. पण आता वाचलाच आहात तर सांगा, कसा वाटला लेख?"

"चांगला आहे, सर. पण ऑक्टोबरचे आकडे खरे नाहीत. सप्टेंबरचेच खाली उतरलेत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"अरेरे. खरंच की." सोमयाजींचं हसू थांबलं. "मग परत पाठवावा लागेल, अम्मा. दुरुस्ती, पुन्हा नवे परीक्षक. दिवाळी उजाडेल."

"उजाडू दे, सर."

"नाही, पण तसं पत्र घालायला हवं. लेखिकेला कळवलं पाहिजे."

"कळलंय तिला," नागवेणी म्हणाली.